गच्चीवरून मैंदर्गी

चनमल्लप्पांना फोनवर बोलता यायचं नाही. एरवी माणूस धडधाकट, आवाज खणखणीत. पण फोन कानाला लागला की तोंडातून तीनच शब्द निघत. "व्हय. बरं. ठेव." समोरचा काहीही म्हणो. त्यांच्या मुलीनं, शिवलीलानं, एकदा मुद्दाम परीक्षा पाहिली होती. "आप्पा, मी चंद्रावरून बोलतेय. हितं लई थंडी हाय," असं ती म्हणाली. पलीकडून उत्तर आलं, "व्हय. बरं. ठेव."

तेच आप्पा वायरलेसवर बोलायला लागले की थांबायचं नाव घेत नसत.

पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत असताना शिवलीलानं बेंगळुरूच्या एका माणसाकडून दोन जुने सी.बी. रेडिओ आणले होते. गाडीतल्या टेपएवढा डबा आणि वेटोळ्या वायरीचा माइक. माइकचं बटण दाबून बोलायचं, बोलून झालं की बटण सोडून ऐकायचं. इतक्या कमी ताकदीच्या सेटला सरकारी परवाना लागत नाही. मैंदर्गीला त्यांच्या मळ्यात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून एक सेट तिनं घरी ठेवला आणि एक मळ्यातल्या शेडात. 'जेवायला या' आणि 'मोटर बंद करा' एवढं सांगता यावं, इतकाच तिचा हेतू होता. पण आप्पांना त्या बटणात भलतंच काही सापडलं. घरात अव्वा, म्हणजे शिवलीलाची आई, आणि दोन काकू, तिघीही बोलक्या. त्यांच्यात आप्पांचं एकही वाक्य कधी शेवटापर्यंत गेलं नव्हतं. वायरलेसवर मात्र एकानं बटण दाबून धरलं की दुसऱ्याला मध्ये तोंड घालताच येत नाही.

"हे लई न्यायाचं यंत्र हाय," आप्पा म्हणायचे, आणि बांधावर दिसलेल्या सापापासून लहानपणी पळून जाऊन पाहिलेल्या कुस्तीपर्यंत सगळं मळ्यातून सांगायचे. घरातल्या सेटसमोर शिवलीला बसलेली असायची, वहीत जर्नल लिहीत, ऐकत.

फेब्रुवारीत तिचं लग्न झालं आणि ती सोलापुरात शुक्रवार पेठेत आली. नवऱ्याचं नाव मल्लिनाथ. त्यांचं पूजासाहित्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर, त्यावर गच्ची. घरात मल्लिनाथ आणि त्याची आई दाक्षायणी, दोघंच. रुखवतात भांड्यांच्या आणि लाडवांच्या शेजारी शिवलीलानं स्वतःचा रेडिओ सेट मांडला होता. बायका वाकून बघत होत्या. "जावयाला गाडीचा टेप दिलाय वाटतं," एक जण म्हणाली. "आन गाडी?" दुसरीनं विचारलं.

पहिल्या आठवड्यात तिनं सेट वरच्या खोलीत लावला, अँटेना लोहचुंबकानं लोखंडी कपाटावर चिकटवला आणि मैंदर्गीला हाक मारली. पेठेच्या कोपऱ्यापलीकडेही आवाज गेला नसावा.

मल्लिनाथ दारात उभा राहून बघत होता. "फोन लाव की सरळ," तो म्हणाला.

तिनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्याकडे दिला.

"मामा, नमस्कार. मी मल्लिनाथ. तब्येत बरी आहे ना?"

"व्हय. बरं. ठेव."

फोन बंद झाल्यावर मल्लिनाथनं तो तिच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "काय काय सामान लागेल सांग."

सामान फारसं नव्हतं. नऊ फुटांचा ॲल्युमिनियमचा पाइप, त्याच्या बुडापासून छत्रीच्या काड्यांसारख्या तिरप्या खाली उतरणाऱ्या चार तारा, आणि गच्चीवरून जिन्याच्या खोलीपर्यंत केबल. खरी अडचण गच्चीची होती. गच्ची दाक्षायणीबाईंची. मार्चपासून तिथं आधी मिरच्या, मग कुरडया, मग सांडगे, मग शेवया असा क्रम ठरलेला असे, आणि त्यात मधे कुणी पाय ठेवलेला त्यांना चालत नसे.

"आत्या, मला फक्त टाकीवरची जागा द्या," शिवलीला म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"आणि त्या दोऱ्या कुठं बांधणार? माझ्या कुरडयांच्या डोक्यावरून?"

"नायलॉनच्याच आहेत. त्यावर तुम्हाला चादरी वाळत घालता येतील."

दाक्षायणीबाईंनी गच्चीच्या चारी कोपऱ्यांकडे पाहिलं, मनात दोऱ्या ताणून बघितल्या. "चार चादरी मावतील?"

"सहा."

परवानगी मिळाली. शेजारच्या गच्चीवरून मात्र नंदूकाकांनी आवाज दिला. नंदूकाका शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढी भिंत. "अहो, टॉवर उभारताय की काय? या वयात मला किरणं नकोत!"

"टॉवर नाही काका. तुमच्या देवघरातल्या दिव्यापेक्षा कमी ताकद आहे याची."

"मग हे एवढं जाणार तरी कुठं?"

"मैंदर्गीला."

नंदूकाका हसले. "दिव्यापेक्षा कमी ताकदीनं पन्नास किलोमीटर! बघू, बघू."

त्या दिवसांत आप्पा आठवड्यातून एकदा स्वतःच्या टेम्पोतून कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात येत. शिवलीलानं युक्ती काढली. दुसरा सेट आप्पांनी टेम्पोत बसवायचा, परतताना अक्कलकोट रस्त्यानं बोलत बोलत जायचं, आणि जिथं आवाज तुटेल तिथं थांबून फोन करायचा. फोनवर फक्त गावाचं नाव सांगायचं. एवढं त्यांना जमण्यासारखं होतं.

पहिल्या फेरीला आप्पा टेम्पोतून कुस्तीचीच गोष्ट सांगत निघाले. पैलवानानं लंगोट कसला, आखाड्यात उतरला, समोरच्याच्या हाताला हात लावला आणि आवाज तुटला. पाच मिनिटांनी फोन आला.

"कुंबारी. बरं. ठेव."

म्हणजे जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. मल्लिनाथचा चेहरा पडला, शिवलीलाचा नाही. तिच्याकडे एक मीटर होता. सेटमधून निघालेली ताकद अँटेनातून बाहेर जाते की केबलमधून माघारी येते, ते त्यावर कळायचं. काटा सांगत होता की बरीचशी माघारी येतेय. तिनं केबल तपासली. मल्लिनाथनं जुन्या टीव्हीची उरलेली केबल तीन ठिकाणी जोड देऊन वापरली होती, आणि एका जोडावर कुरडयांच्या चिकाचा हात लागलेला होता.

"एवढ्याशानं काय होतंय?" तो म्हणाला.

"दुकानातून घागर भरून तेल पाठवलं आणि घागरीलाच तीन भोकं असली तर?"

त्यानं मुकाट्यानं नवी, अखंड केबल आणली. पाइपची लांबी तिनं बोटभर, बोटभर कमी करत मीटरचा काटा खाली आणला. पुढच्या आठवड्यात कुस्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, कारण आप्पांना गोष्ट मधूनच सांगता येत नसे. या वेळी पैलवानानं समोरच्याला उचललं होतं.

"वळसंग. बरं. ठेव."

दुपटीपेक्षा जास्त! त्या रात्रीच्या जेवणात दाक्षायणीबाईंनी शेंगाचटणीवर दह्याऐवजी लोणी वाढलं आणि विचारलं, "मग त्या पैलवानाचं झालं काय?"

आता मल्लिनाथलाच राहवेना. बाजारातून तो बातमी घेऊन आला की एक जण बूस्टर विकतोय, लावला की ताकद वीसपट. शिवलीलानं मान हलवली. "पाच वॅटच्या वर कायद्यानं चालत नाही. आणि ओरडून काय होतंय? खड्ड्यात उभं राहून ओरडण्यापेक्षा टेकडीवर चढून हळू बोललेलं लांब जातं. आपल्याला उंची पाहिजे."

उंची म्हणजे पंचवीस फुटांचा लोखंडी पाइप, त्याच्या टोकावर तो नऊ फुटी अँटेना. विजेच्या तारा गच्चीपासून लांब होत्या, ती काळजी नव्हती. पण एवढं लांब, डोक्याशी जड धूड गच्चीवर उभं करायचं कसं? मल्लिनाथनं आपल्या मामेभावाला बोलावलं. सिद्धप्पा त्याचं नाव. दर जानेवारीत ग्रामदैवताच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांतला. कमरेच्या पट्ट्यात उंच काठी उभी धरून मिरवणुकीत चालणाऱ्याला हे काय अवघड!

सिद्धप्पानं पाइपाला खालून वर न्याहाळलं, टोकाचा अँटेना बघितला आणि विचारलं, "ह्यो वाकतो का?"

"थोडा."

"आमचा जास्त वाकतो." त्यानं कमरेला पट्टा आवळला.

दाक्षायणीबाई मध्ये आल्या. "हे देवाचं नाही, माहीत आहे मला. पण उभं करताना नाव देवाचंच घे."

सिद्धप्पानं पाइप उचलला, बूड पट्ट्यात घेतलं, गुडघ्यात किंचित वाकला आणि छाती भरून ओरडला, "हर्र बोला हर्र!" खालच्या गल्लीत भाजी घेणाऱ्या, गाडी पुसणाऱ्या, सुपारी कातरणाऱ्या सगळ्यांनी सवयीनं एकदम उत्तर दिलं, "हर्र!" आणि मग माना वर करून बघितलं, की चैत्रात हे काय? तोवर पाइप सरळ उभा होता. मल्लिनाथ आणि नंदूकाका एकेका कोपऱ्यातली दोरी ताणत होते. हो, नंदूकाकाही. भिंत ओलांडून कधी आले ते कुणाला कळलं नाही.

पुढच्या फेरीला आप्पा अक्कलकोटच्या वेशीपर्यंत ऐकू आले. पैलवान जिंकला होता. गच्चीवर दाक्षायणीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

पण वैशाख लागला, कांदा संपला आणि आप्पांच्या फेऱ्या थांबल्या. त्यांनी टेम्पोतला सेट काढून मळ्यात नेला आणि शिवलीलानं दिलेल्या मापानं अँटेना करून माळावरच्या पाण्याच्या टाकीवर चढवला. आता अक्कलकोटच्या पुढचे तेवढे शेवटचे काही मैल.

पाच वाजता चहा झाला की शिवलीला जिन्याच्या खोलीत जायची. तिथं जुन्या बॅटरीवर सेट चालायचा. "शुक्रवार पेठ बोलतेय. मैंदर्गी, ऐकू येतंय का?" बटण सोडलं की खर्रर्र. कढईत वाळू घालून शेंगदाणे भाजावेत तसा आवाज, आणि दुसरं काही नाही.

तिनं फोन केला. "आप्पा, मी बोललेलं मळ्यात ऐकू येतं का?"

"व्हय. बरं. ठेव."

चंद्राच्या वेळीही हेच म्हणाले होते. त्यामुळे या 'व्हय'चा तिला काडीइतका भरवसा वाटला नाही. पोरीला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असतील, असं तिनं धरलं. अव्वाला विचारलं तर ती म्हणाली, "संध्याकाळी मळ्यातनं लई उशिरा येत्यात. काय करत्यात कुणाला ठावं."

तरी शिवलीला रोज पाचला गच्चीवर जायची. ऐकू जात नाही हे कळल्यावर बोलणं उलट सोपं झालं होतं. आधी ती नुसती हाक मारायची. मग हळूहळू दिवसभरातलं काय काय सांगायला लागली. इथली उशी फार उंच आहे आणि मान आखडते. अव्वाच्या हातचं हुलग्याचं माडगं प्यावंसं वाटतं. मल्लिनाथ चांगले आहेत, पण झोपेत गिऱ्हाइकांशी बोलतात. आत्यांचे गुडघे जिना चढताना दुखतात, त्या बोलत नाहीत, पण कठडा धरतात. मग एकदा, बराच वेळ थांबून, "आप्पा, आत्या लई मायाळू हायत. पण चहात साखर इतकी घालत्यात की चमचा उभा ऱ्हावा. सांगू कसं त्यांना?"

खर्रर्र, खर्रर्र.

त्याच दिवसांत मैंदर्गीहून वस्तू यायला लागल्या. त्यांच्या शेजारचा बिरप्पा रोज भाजीचा टेम्पो घेऊन सोलापुरात यायचा, तो दुकानात आणून द्यायचा. पहिल्यांदा आली सावरीच्या कापसाची चपटी उशी. शिवलीलाला आनंद झाला. अव्वाला कशी बरोबर आठवण झाली! मग भाजलेल्या हुलग्याचं पीठ आलं. मग निर्गुडीच्या पाल्याचं गाठोडं आणि तेलाची बाटली, "सासूबायच्या गुडघ्याला" असा निरोप.

दाक्षायणीबाई बाटली हातात घेऊन थक्क झाल्या. "माझ्या गुडघ्यांचं मी माझ्या पोराला सांगितलेलं नाही. तुझ्या माहेरी कसं कळलं?"

शिवलीलानं अव्वाला फोन केला. "मला काय म्हाईत?" अव्वा म्हणाली. "तुज्या बापानं बांधून दिलं. विचारलं तर 'पोरीनं सांगितलं' म्हणत्यात. तू मला सोडून त्यांना कधी सांगितलंस गं?"

शिवलीला विचारात पडली. फोनवर तर ती काहीच बोलली नव्हती. मग तिला वाटलं, लग्नात किंवा नंतर कधी तरी आप्पांशी बोलताना बोलली असेल, आणि आप्पांनी लक्षात ठेवलं असेल. ते तसे आहेतच.

मे महिन्याच्या मध्याला ऊन असं तापलं की चौकातल्या ट्रान्सफॉर्मरनं भर दुपारी मान टाकली. अख्ख्या पेठेची वीज गेली. पंखे थांबले, पिठाची गिरणी थांबली, दुकानांवरच्या पळत्या अक्षरांच्या पाट्या विझल्या. माणसं दारात येऊन वारा घालत बसली. पाच वाजले तरी वीज नव्हती. दाक्षायणीबाई वाळलेल्या कुरडया गोळा करायला गच्चीवर गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग शिवलीलाही. तिचा सेट बॅटरीवरचा. त्याला विजेचं सुतक नव्हतं.

तिनं सेट चालू केला आणि दचकली. खर्रर्र नव्हतंच. इतकी शांतता, की तिला वाटलं सेटच बिघडला. बटण दाबून ती म्हणाली, "शुक्रवार पेठ बोलतेय," आणि बटण सोडलं.

"व्हय गं, ऐकतोय की," आप्पांचा आवाज आला. खणखणीत, शेजारच्या खोलीतून यावा तसा. "आज जरा उशीर केलास. कपिलेला वासरू झालं सकाळी, कपाळावर चांद हाय. उशी पटली का? आन साखरेचं सांगितलंस का न्हाय सासूबायला? अगं, सांग की. बाई मायाळू हाय म्हणतीस, मंग भ्यायचं कशाला?"

शिवलीलाच्या हातातला माइक तसाच राहिला. मागं कुरडयांचं सूप घेऊन दाक्षायणीबाई उभ्या होत्या.

"कसली साखर?" त्या म्हणाल्या.

शिवलीलानं बटण दाबलं. "आप्पा! तुमी... तुमाला ऐकू येतंय?"

"येतंय की! तीन आठवडं झालं, रोज येतंय. तू बोलतीस, मी बोलतो."

"मला तुमचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं आप्पा! मी विचारलेल्याचं उत्तर येत नव्हतं, तुमी विचारलेल्याचं मी उत्तर देत नव्हते. तुमाला कळलं न्हाय?"

मग आप्पा म्हणाले, "आता मला काय म्हाईत? आपल्या घरात माझ्या बोलण्याला उत्तर देतंय कोण? म्हटलं, लगीन झाल्यावर तूबी तसलीच झालीस."

शिवलीला आधी हसली, मग तिला रडू आलं, मग दोन्ही एकदमच चाललं. उत्तर द्यायला दाबलेलं बटण तसंच राहिलं होतं, त्यामुळे मैंदर्गीच्या माळावर आप्पांना ते सगळं ऐकावं लागलं. तीन आठवडे हा माणूस रोज संध्याकाळी टाकीखाली बसून तिच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर देत होता. उशी पाठवतो, सांगत होता. मान शेकायला वाळूची पुरचुंडी घे, सांगत होता.

दाक्षायणीबाईंनी सूप खाली ठेवलं आणि माइकसाठी हात पुढं केला. शिवलीलानं डोळे पुसत कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. त्यांनी पदर सावरला, जणू पाहुणे समोरच बसलेत, आणि माहेरच्या कानडीत खुशाली विचारली, "ह्यांग अदीरी, पाव्हणं?"

"आराम अदीन्री!" तिकडून आवाज उजळला.

"निर्गुडीनं गुडघ्याला उतार पडलाय. आणि साखरेचं कळलं बरं का मला. उद्यापासून अर्धा चमचा." त्यांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. "पोरीचं चुकलं नाही. आमच्या घरात साखर कमी घातली की पाहुण्याला वाटतं, आपण नको झालोय. म्हणून हात सैल."

आप्पा उत्तर द्यायला लागले, "आवं, आमच्यातबी तेच—" आणि खाली गल्लीत पोरं ओरडली, "आली, आली!" पंखे फिरले, गिरणी घरघरली, आणि सेटमधून खर्रर्र सुरू झालं. आप्पा त्यात बुडून गेले.

मग शिवलीलानं कपाळावर हात मारला. "आत्या, म्हणजे आवाज रोज येत होता! इथंच इतका कालवा आहे, की तो ऐकूच येत नव्हता. मी महिनाभर पाठवण्याच्याच मागं लागलेय."

"मग आता?"

"आता कालवा कोण करतंय ते शोधायचं."

मल्लिनाथ धापा टाकत वर आला तोवर तिनं जुना ट्रान्झिस्टर शोधून काढला होता. तो दोन स्टेशनांच्या मधे लावायचा आणि घरभर फिरवायचा. जिथं खरखर वाढेल तिथं चोर. पहिला चोर निघाला मल्लिनाथचा स्वस्तातला मोबाईल चार्जर. दुसरा, दुकानाच्या पाटीवरची पळती अक्षरं. मल्लिनाथनं चार्जर तिथंच काढला आणि पाटीवरची 'कापूर, उदबत्ती, विभूती' पाच ते सहा बंद ठेवायचं कबूल केलं. पण सगळ्यात मोठी खरखर गच्चीच्या भिंतीकडून येत होती. ट्रान्झिस्टर हातात धरून शिवलीला, मागं मल्लिनाथ, त्यांच्या मागं दाक्षायणीबाई, अशी मिरवणूक नंदूकाकांच्या घरात शिरली आणि थेट देवघरासमोर थांबली. गणपतीमागं रंग बदलणारी दिव्यांची चकती फिरत होती. ट्रान्झिस्टर तिच्याजवळ नेला तर नुसता किंचाळला.

"काका," शिवलीला हळूच म्हणाली, "तुमच्या या दिव्याची ताकद खरंच माझ्यापेक्षा जास्त आहे."

नंदूकाका आधी गोरेमोरे झाले. चकती त्यांनी हौसेनं आणली होती. "बंद करू म्हणता?"

"नको. मी तुम्हाला चांगला बल्ब आणून देते, साधा, पिवळा. देव छान दिसेल."

काकांनी चकतीकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं. "खरं सांगू? हिरवा रंग आला की तो मलाही आजारी वाटायचा." मग म्हणाले, "पण एका अटीवर. मैंदर्गीशी मलाही बोलायचंय."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता, भर विजेत, गिरणी चालू असताना, सेटमधून आप्पांचा आवाज आला. थोडी खरखर होती, पण शब्द न् शब्द कळत होता. वासरू आता उभं राहून दूध पीत होतं.

तेव्हापासून गच्चीवर पाचला एकटं बसणं शिवलीलाच्या वाट्याला आलं नाही. मल्लिनाथ दुकान नोकरावर सोपवून वर यायचा. सिद्धप्पा आला तर जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचा. दाक्षायणीबाईंनी खोलीबाहेर चटई घातली, आणि आप्पा गावाकडच्या गमती सांगायला लागले की त्या सांडगे घालता घालता हुंकार भरायच्या, मग आठवायचं की हुंकार बटण दाबल्याशिवाय जात नाही. तिकडे अव्वाला हे सगळं कळल्यावर तीही मळ्यात यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं माइक हातात घेतला, बटण दाबलं, आणि इतकं बोलली की सोलापूरकडून कुणाला 'बरं' म्हणायलासुद्धा फट मिळाली नाही. शेवटी आप्पांनी हळूच तिच्या हातातला माइक काढून घेतला असावा, कारण एकदम त्यांचा आवाज आला, "आता त्यांनाबी बोलू द्या की!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस नंदूकाकांचा नंबर लागला. ते कागदावर दोन वाक्यं लिहून, पाठ करून आले होते. पण पहिलं वाक्य संपताच आप्पांनी विचारलं, "तुमच्याकडं तुरीला भाव काय हाय?" आणि काकांनी विचारलं, "पुढच्या खेपेला कांदा साठवून ठेवणार का लगेच विकणार?" आणि मग कांदा साठवायच्या चाळीला हवा खालून पाहिजे की बाजूनं यावर दोघांची जुंपली. आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात बसलेल्या काकांना कांद्याच्या चाळीबद्दल इतकं ठाम मत असेल, हे त्यांनाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

शिवलीलानं दोनदा हात पुढं केला. "काका, जरा मला—"

"थांब, थांब. यांना एवढं पटवून देतो."

आत्यांनीही मान हलवली. त्यांना ऐकायचं होतं. शिवलीला थोडा वेळ उभी राहिली, मग जिना उतरून स्वयंपाकघरात आली. परातीत पीठ घेतलं, तवा ठेवला. जिन्यातून आवाज खाली येत होते. काका काहीतरी म्हणाले, मग आप्पा मैंदर्गीहून मोठ्यानं हसले, आणि त्यांच्या हसण्यावर गच्चीवरची सगळीच हसली. कशाला ते तिला कळलं नाही. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि वर जाऊन विचारावं असं वाटत असतानाच पाण्याचा हात फिरवला. भाकरी फुगली.